उमलण्या-मिटण्याचं घड्याळ

फुलांवरून वेळ सांगणारी बाग लावायची, तर बारा आकड्यांची गोल तबकडी आधी मनातून पुसून टाकावी लागते. बहुतेक आराखड्यांत वर्तुळाचे बारा सारखे तुकडे आणि दर तुकड्यात एकेका तासाचं झाड दाखवलेलं असतं. कागदावर ते देखणं दिसतं. मातीत उतरलं की एका तुकड्यातल्या रोपाला रेताड, कोरडी जमीन हवी असते आणि शेजारच्याला पाय ओले हवे असतात. पहाटेचा वेल नऊ वाजताच्या रोपांवर सावली धरतो. मध्यरात्रीनंतरच्या दोन-तीन तासांसाठी तर भरवशाचं झाडच मिळत नाही. म्हणून ही बाग तासांनी लावू नये, प्रहरांनी लावावी. तीन तासांच्या एका प्रहराला दोन-तीन जाती द्याव्यात, त्यांतली एखादी उमलणारी आणि एखादी मिटणारी. एवढं साधलं तर स्वच्छ उन्हाच्या दिवशी बागेकडे बघून अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने वेळ सांगता येते. फुलांकडून याहून जास्त काटेकोरपणा मागू नये. त्यांच्यापुरतं ते पुरेसं काटेकोर आहे.

या कल्पनेचा जनक म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियसचं नाव घेतलं जातं. स्वीडनमधल्या उप्साला इथे त्याने फुलांच्या वेळा टिपल्या आणि 1751 साली ‘फिलॉसॉफिया बोटॅनिका’ या ग्रंथात ‘होरोलोजियम फ्लोरी’ या नावाने, म्हणजे फुलांचं घड्याळ म्हणून, त्यांची यादी दिली. गोट्सबियर्ड हे पिवळं रानफूल पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान उमलतं, पांढरं कुमुद सकाळी सातला उमलतं आणि संध्याकाळी पाचला मिटतं, अशा नोंदी तिच्यात आहेत. पण यादीपेक्षा मोलाची आहे त्याने केलेली वर्गवारी. हवामानाप्रमाणे वेळ बदलणारी फुलं एका गटात, दिवसाच्या लांबीप्रमाणे बदलणारी दुसऱ्या गटात, आणि ठरल्या वेळी उमलून ठरल्या वेळी मिटणारी तिसऱ्या गटात. घड्याळाला कामाची फक्त तिसऱ्या गटातली. पहिल्या दोन गटांतली फुलं घड्याळात घेतली की ते बिघडणार, हे त्याला तेव्हाच कळलं होतं. त्याची यादी मात्र जशीच्या तशी उचलू नये. उप्साला साठ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. तिथे जूनमध्ये उजेड जवळजवळ रात्रभर रेंगाळतो, त्यामुळे तिथली पहाटे तीनची वेळ विषुववृत्ताजवळच्या बागेत काहीच सांगत नाही.

शहरांच्या चौकात जी मोठी पुष्पघड्याळं दिसतात, त्यांचा इथे संबंध नाही. एडिनबरातलं 1903 सालचं किंवा जिनिव्हातलं 1955 सालचं घड्याळ घ्या: काटे यंत्रावर फिरतात आणि फुलं नुसती तबकडी सजवतात.

फूल वेळ कशी ओळखतं, हे कळल्याशिवाय झाडांची निवड करता येत नाही. 1729 साली द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूचं रोप अंधारात ठेवलं, तरी त्याची पानं दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. पुढे 1832 मध्ये द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखवलं, की उजेड-अंधार न बदलता रोप ठेवलं तर हे चक्र चोवीस नव्हे, बावीस-तेवीस तासांत पुरं होतं. म्हणजे घड्याळ झाडाच्या आत आहे, पण ते किंचित पुढे धावतं आणि रोजचा सूर्य ते पुन्हा लावून देतो. बागेच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न असा, की कोणती जात कशावरून घड्याळ लावते.

मॉर्निंग ग्लोरी, आपली निळवेल, काळोख पडल्यापासून मोजते. अंधार सुरू झाल्यावर साधारण दहा तासांनी तिची कळी उलगडते. संध्याकाळी साडेसहाला अंधारलं तर पहाटे साडेचारला, आणि पावणेसहाला अंधारलं तर पावणेचारला. यातून एक गंमत घडते. हिवाळ्याकडे जाताना सूर्य उशिरा उगवू लागतो, पण निळवेल लवकर उमलू लागते. शिवाय थंड रात्री तिची कळी उशिरा नाही, उलट लवकर उघडते. सूर्योदयापासून मोजणाऱ्या माणसाला वाटतं वेल बिघडला. खरं तर त्याने मोजायला चुकीच्या टोकापासून सुरुवात केलेली असते.

चिनी गुलाब, ज्याला कुणी ‘ऑफिस टाइम’ म्हणतं, ऊन आणि ऊब यांच्यावर चालतो. पाकळ्यांवर थेट ऊन पडून त्या तापल्याशिवाय तो हलत नाही. गुलबक्षी, मूनफ्लॉवर, इव्हिनिंग प्रिमरोज ही मंडळी मावळतीच्या उजेडाकडे आणि उतरत्या तापमानाकडे बघतात. ट्युलिप आणि क्रोकस ही तर निव्वळ तापमापकं आहेत. पाकळीच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूची वाढ वेगवेगळ्या तापमानाला वेग घेते, म्हणून फूल उबेत उघडतं आणि गारव्यात मिटतं. भर दुपारी गार वारा सुटला तरी ती मिटतील. दिसायला कितीही सुंदर असली तरी या घड्याळात त्यांना जागा नाही. पावसाची सर आली की उमलणाऱ्या झेफिरँथस लिलीचंही तसंच. ती पावसाची बातमी देते, वेळेची नाही.

मिटण्याचेही दोन प्रकार आहेत आणि हा फरक फार कमी लोक लक्षात घेतात. कमळ, कुमुद, आंबुशी यांची फुलं मिटतात आणि दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा उमलतात. निळवेल, भेंडी, ‘तांबडी दुपारी’ नावाचं मध्यान्हीचं झाड, गुलबक्षी यांचं फूल एकदाच उमलतं आणि मिटणं म्हणजे त्याचा शेवट. ही एकवेळची फुलं उमलण्याची वेळ चांगली पाळतात, पण मिटण्याची वेळ उन्हावर सोडतात. निळवेलीचं फूल कडक उन्हात नऊ-दहालाच गुंडाळतं आणि ढगाळ दिवशी दुपारपर्यंत टिकतं. तेव्हा अशा फुलाच्या उमलण्याला घड्याळात धरावं आणि मिटण्याकडे दुर्लक्ष करावं. तांबडी दुपारी यात वेगळी. तिचं फूल पहाटे अखंड गळून पडतं आणि तो क्षण बऱ्यापैकी ठरलेला असतो.

लागवडीआधी नोंदी हव्यात. इथे घाई केली की पुढचं सगळं फसतं. हव्या असलेल्या जातींची दोन-दोन रोपं कुंड्यांत वाढवून ती बागेच्या नियोजित जागेवरच ठेवावीत आणि कळ्या धरल्या की सलग दहा दिवस नोंद करावी. अपेक्षित वेळेच्या तासभर आधीपासून दर पंधरा मिनिटांनी फेरी मारावी. ‘उमललं’ म्हणजे काय, ते आधी ठरवून घ्यावं. निळवेलीच्या नरसाळ्याची कड पूर्ण पसरली तर, चिनी गुलाबात वरून बघताना पुंकेसर दिसले तर, कुमुदाच्या बाहेरच्या पाकळ्या आडव्या झाल्या तर. एकेका फुलाची वेळ लिहून उपयोग नाही. त्या दिवशीच्या निम्म्या कळ्या उमलल्या, ती त्या जातीची वेळ. शेजारी आभाळ स्वच्छ होतं की ढगाळ, पहाटेचं तापमान आणि सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा लिहाव्यात. दहा दिवसांत जिची वेळ पाऊण तासाहून जास्त मागेपुढे झाली, ती जात ‘हवामानाची’ म्हणून बाजूला ठेवावी.

नोंद करताना मनगटावरच्या घड्याळाचा आणि सूर्याचा हिशेब वेगळा ठेवावा. प्रमाणवेळ एका ठरलेल्या रेखावृत्ताची असते. त्या रेखावृत्तापासून दर अंशाला चार मिनिटांचा फरक पडतो. प्रमाणवेळेच्या रेषेपासून दहा अंश पश्चिमेला असलेल्या बागेत मध्यान्ह चाळीस मिनिटं उशिरा होते. त्यात वर्षभरात सूर्य स्वतःही थोडा मागेपुढे होतो. फेब्रुवारीच्या मध्याच्या आसपास तो सुमारे चौदा मिनिटं मागे असतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोळा मिनिटं पुढे. उपाय सोपा आहे. बागेच्या मध्यात मीटरभर उंचीची काठी ओळंब्यात उभी करावी. तिची सावली सर्वांत आखूड होते ती त्या जागेची खरी मध्यान्ह. सगळ्या नोंदी त्या वेळेपासून मोजल्या की दुसऱ्या गावच्या नोंदींशीही त्या ताडून बघता येतात.

जागेसाठी दोन अटी आहेत. दिवसाचं निदान सहा तास थेट ऊन हवं आणि रात्री खराखुरा अंधार हवा. दुसऱ्या अटीवर बहुतेक बागा नापास होतात. रस्त्याचा दिवा, अंगणातला बल्ब, भिंतीवरचा रात्रभर जळणारा दिवा यांपैकी काहीही निळवेलीवर पडलं, की तिची अंधार मोजण्याची सुरुवात पुढे ढकलली जाते. उजेड जास्त असेल तर ती कळ्याच धरत नाही, कारण फुलायलाही तिला लांब, अखंड रात्र लागते. दिवा हलवता येत नसेल तर वेलाच्या आणि दिव्याच्या मध्ये दाट झुडूप किंवा फळीचा आडोसा करावा.

मांडणी वर्तुळाकार केली तरी उंची सांभाळावी. वेलांचा मांडव आणि उंच झुडपं सूर्याच्या मार्गाच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे उत्तर गोलार्धात उत्तरेला ठेवावीत आणि बुटकी, ऊन मागणारी रोपं दक्षिणेला. तीन मीटर व्यासाच्या गोलात आठ वाफे नीट बसतात. वाफ्यांमध्ये जमिनीत फूटभर खोल फरशा उभ्या गाडल्या तर प्रत्येक वाफ्याची माती आणि पाणी वेगळं ठेवता येतं. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी सरळ कुंड्या घ्याव्यात. कुंड्यांचा आणखी एक फायदा असा, की मोसम बदलला की प्रहरांची पुनर्मांडणी तासाभरात होते. एका जातीची निदान पाच ते सात रोपं हवीत. रोज दहा-बारा कळ्या असल्या तरच निम्म्या उमलल्या की नाही ते ठरवता येतं. एकुलती एक कळी वाटेल तेव्हा उमलते.

आता प्रहर. दिवस-रात्र जवळपास सारखे आहेत आणि सूर्योदय सहाच्या सुमाराला आहे असं धरून वेळा दिल्या आहेत. आपल्या नोंदींप्रमाणे त्या सरकवून घ्याव्यात.

झुंजुमुंजू होण्याआधीच्या प्रहराला फळभाज्यांच्या वेलांइतकं भरवशाचं काही नाही. त्यांना फुलांच्या घड्याळात क्वचितच कुणी धरतं, याचं नवल वाटतं. बियाण्यासाठी हाताने परागीकरण करणाऱ्यांना या वेळा तोंडपाठ असतात. लाल भोपळ्याचं फूल पहाटे साडेतीन ते सहाच्या दरम्यान उघडतं आणि ऊन चढलं की मिटू लागतं. घोसाळ्याचं पिवळं फूल पहाटे चार ते आठच्या दरम्यान उघडतं. त्याचाच जवळचा भाऊ दोडका नेमका उलट्या वेळेचा, त्याची फुलं संध्याकाळी पाच ते आठच्या दरम्यान उमलतात. दुधी भोपळ्याची पांढरी फुलं आणि पडवळाची झालरदार फुलंही संध्याकाळची. एकाच मांडवावर एका टोकाला घोसाळं आणि दुसऱ्या टोकाला दोडका चढवला, तर पानं-वेल इतके सारखे की ओळखू येऊ नयेत आणि पिवळी फुलं मात्र बारा तासांच्या अंतराने. या बागेतली ही सगळ्यात बोलकी जोडी आहे. बी अडीच सेंटिमीटर खोल टोकावं, दोन वेलांत मीटरभर अंतर ठेवावं आणि मांडव दोन मीटर उंच घ्यावा. पहिले काही दिवस नुसती नर फुलं येतात. घड्याळाला तीही चालतात.

निळवेलीचं बी टणक असतं. कानशीने किंवा नखकातरीने टोकाच्या विरुद्ध बाजूला कवच किंचित खरवडून बारा तास कोमट पाण्यात भिजवावं. फुगलेलं बीच लावावं, बाकीचं पुन्हा खरवडावं. दीड सेंटिमीटर खोल आणि तीस सेंटिमीटर अंतरावर लावावं. शेणखत भरपूर दिलं तर नुसता पाला माजतो, म्हणून लागवडीच्या वेळी दिलेलं पुरे. तिच्याऐवजी ‘हेवनली ब्ल्यू’ ही आयपोमिया ट्रायकलर लावली तर वेळेबरोबर रंगाचाही काटा मिळतो. तिची कळी जांभळट लाल असते आणि उमलता उमलता आकाशी होते, कारण पाकळीच्या पेशींतल्या रसाची आम्लता तेवढ्या वेळात कमी होते. त्याचा पीएच, म्हणजे आम्लता उतरली की वाढणारा आकडा, 6.6 वरून 7.7 वर जातो.

सूर्योदयानंतर केना, भेंडी आणि कमळ. केन्याची निळी फुलं सकाळची, दुपारपर्यंत ती विरघळल्यासारखी मिटतात. तण म्हणून उपटून टाकण्याआधी एक वाफा त्याला द्यावा. विष्णुक्रांताही अशीच सकाळची. दिवस कासराभर वर आला की निळं कुमुद उघडतं आणि दुपार कलताना मिटतं. कुमुदासाठी साठ सेंटिमीटर रुंद आणि चाळीस सेंटिमीटर खोल टब पुरतो. खाली चिकण पोयट्याची माती, तिच्यात कुजकं खत नको, नाहीतर पाणी हिरवं होऊन सडतं. वर बोटभर जाड खडी आणि कंदाच्या शेंड्यावर पंधरा ते वीस सेंटिमीटर पाणी. डासांसाठी चार-पाच गप्पी मासे सोडावेत. दुसऱ्या टबात रात्री उमलणारं पांढरं कुमुद लावलं तर ते अंधारल्यावर उघडून सकाळी नऊ-दहापर्यंत उघडं राहतं. सकाळच्या एका प्रहरात दोन्ही टबांतली फुलं उघडी दिसतात. नंतर एक मिटतं आणि दुसरं चालू राहतं.

नऊ ते बारा हा चिनी गुलाबाचा प्रहर आहे आणि नेमकं इथेच विकत आणलेलं रोप दगा देतं. नव्या संकरित जाती मुद्दाम अशा तयार केल्या आहेत, की ढगाळ हवेतही उमलाव्यात आणि संध्याकाळपर्यंत मिटू नयेत. शोभेला त्या चांगल्या, घड्याळाला निरुपयोगी. जुनी, एकेरी पाकळीची, सुईसारख्या बारीक पानांची पोर्टुलाका ग्रँडिफ्लोरा शोधावी. ती नऊ-दहाला उमलते आणि दोनच्या आसपास मिटते. बियाण्यापेक्षा छाट लावावेत. एकाच रोपाच्या छाटांची सगळी फुलं बरोबरीने उमलतात आणि बियांपासूनच्या रोपांत अर्धा-अर्धा तास फरक पडतो. सात ते दहा सेंटिमीटरचे छाट घेऊन, खालची पानं काढून, दिवसभर सावलीत सुकवून लावावेत. माती दोन भाग भरड वाळू, एक भाग बागेची माती, एक भाग पालापाचोळ्याचं खत. कुंडी पंधरा सेंटिमीटर खोल पुरते. वरचा थर पूर्ण कोरडा झाल्यावरच पाणी, तेही सकाळी, मुळाशी. फुलात पाणी साचलं की ते त्या दिवसापुरतं गेलं. मधमाश्यांची फार गर्दी झाली तरी फूल लवकर मिटतं. पुंकेसरांना इजा झाली की फुलात इथिलीन वायू तयार होतो आणि तो पाकळ्यांना मिटायला लावतो. ही घड्याळाची चूक नाही, फुलाचं काम झाल्याची खूण आहे.

चिनी गुलाबाच्या उन्हावर चालण्याचा फायदाही करून घेता येतो. त्याच छाटांची एक रांग पूर्वेकडे मोकळ्या जागी आणि दुसरी अशा ठिकाणी लावावी, जिथे भिंतीची सावली अकरापर्यंत हटत नाही. पहिली रांग नऊला उमलली तर दुसरी साडेअकरानंतर. एकाच झाडापासून दोन आकडे मिळतात. त्या दोन्ही रांगांना सोबत म्हणून टर्नेरा हे फुलझाड लावावं. त्याची फुलं आठ-नऊला उमलतात आणि बाराच्या आत मिटतात.

मध्यान्हीसाठी तांबडी दुपारी. पेन्टापेटिस फीनिसिया हे तिचं शास्त्रीय नाव आणि तिच्याइतकी नावाला जागणारी फुलं थोडी. बाराच्या सुमारास शेंदरी-लाल फूल उमलतं, रात्रभर राहतं आणि पहाटे झाडाखाली अखंड पडलेलं सापडतं. ही पाणथळ जागेची वनस्पती आहे. चिनी गुलाबाच्या मातीत लावली तर खुरटते. तिला गाळाची, सतत ओलसर माती, तीस सेंटिमीटर अंतर आणि पूर्ण ऊन द्यावं. कमरेइतकी किंवा त्याहूनही उंच होते, म्हणून मागच्या बाजूला.

मध्यान्हीची आणखी एक खूण पॅशनफ्रूटच्या वेलांतून मिळते. जांभळ्या फळाच्या वेलाची फुलं पहाटे उमलून दुपारच्या आत मिटतात, तर पिवळ्या फळाच्या वेलाची फुलं बारा-एकला उमलून रात्री नऊ-दहाला मिटतात. जात एक, प्रकार दोन. एक पाळी संपते तिथे दुसरी सुरू होते. दोन्ही वेल शेजारीशेजारी तारेवर चढवावेत. जागा भरपूर लागते, पण बदल्यात दोन प्रहर बांधले जातात.

दुपारी दोन ते चार हा खड्डा भरणं अवघड जातं. इथे टॅलिनम पॅनिक्युलॅटम उपयोगी पडतं. दोऱ्यासारख्या दांड्यांवर गुलाबी, मण्याएवढी फुलं तीनच्या सुमारास उमलतात आणि संध्याकाळी मिटतात. जपानमध्ये ते ‘तीन वाजताचं फूल’ म्हणूनच ओळखलं जातं. त्याचं भाऊबंद टॅलिनम फ्रुटिकोसम, ज्याच्या पानांची भाजी करतात, ते सकाळचं आहे. रोप आणताना दोघांत गल्लत होते. पॅनिक्युलॅटमच्या फुलांचा तुरा लांब, विरळ आणि पानांच्या बराच वर असतो. फुलं लहान असल्यामुळे हा वाफा पायवाटेला लागूनच हवा.

चारनंतर गुलबक्षी. बी रात्रभर भिजवून दोन सेंटिमीटर खोल, पंचेचाळीस सेंटिमीटर अंतरावर लावावं. दोन-अडीच महिन्यांत फुलं येतात. ती फार उष्ण दिवशी पाच-साडेपाचपर्यंत थांबते आणि ढगाळ, गार दिवशी साडेतीनलाच सुरुवात करते. म्हणून तिच्या एकटीवर विसंबू नये. मुद्रा (पेटारी) या रानझुडपाची पिवळी फुलंही दुपार कलल्यावरच उमलतात. दोघींची साक्ष जुळली तर वेळ पक्की. गुलबक्षीच्या बिया आणि मुळं विषारी आहेत. मिऱ्यांसारख्या दिसणाऱ्या बिया मुलांच्या हाती लागणार नाहीत हे पाहावं. धोतराही तिन्हीसांजेला सुंदर उमलतो, पण त्याचं सर्वांग विषारी असल्यामुळे मुलं-गुरं फिरणाऱ्या बागेत तो लावूच नये.

तिन्हीसांजेला बसून पाहावं असं एकच फूल निवडायचं तर मूनफ्लॉवर. आयपोमिया आल्बा, निळवेलीची बहीण. पिळलेली लांब कळी आधी थरथरते आणि मग मिनिट-दोन मिनिटांत हाताच्या पंजाएवढं पांढरं फूल डोळ्यांदेखत उलगडतं. बी निळवेलीसारखंच खरवडून भिजवावं. वेल चार-पाच मीटर जातो, म्हणून मांडव भक्कम हवा. सोबत प्राजक्त आणि मधुमालती असावी. मधुमालतीचं फूल संध्याकाळी पांढरं उमलतं, मग गुलाबी आणि पुढे लाल होतं. त्यामुळे घोसाकडे बघून वेळच नाही, फुलाचं वयही कळतं. रात्रीची बरीच फुलं पांढरी आणि सुवासिक असतात, कारण ती पतंगांसाठी उमलतात. अंधारात गडद रंगाचा फारसा उपयोग नसतो. घड्याळ बघणाऱ्यालाही मग नाकाची मदत होते. रातराणीचा वास दाटला की पहिला प्रहर बराच उलटला, एवढं कळतं.

ब्रह्मकमळ म्हणून घरोघरी लावला जाणारा निवडुंग रात्री आठ-नऊनंतर उघडू लागतो आणि पहाटेआधी मान टाकतो. पण तो वर्षात मोजक्याच रात्री फुलतो. जागा असेल तर जरूर ठेवावा, घड्याळात मात्र धरू नये. मध्यरात्र ते तीन हा वाफा रिकामा ठेवावा. तिथे काहीतरी ओढूनताणून बसवण्यापेक्षा खडी पसरून बसायला जागा करावी. पहाटेला घोसाळं, भोपळा, निळवेल हजर होतात, प्राजक्त आणि तांबडी दुपारी यांची फुलं जमिनीवर उतरतात, आणि चक्र पुरं होतं.

बिघाड बहुतेक वेळा चार कारणांनी होतो. सगळीच दिवसाची फुलं उशिरा उमलत असतील तर आभाळ किंवा नवी सावली कारण असते. शेजारचं झाड वर्षभरात वाढलं तरी सकाळचं ऊन मागे जातं. फुलं वेळेवर उमलून फार लवकर मिटत असतील तर पाणी कमी पडतंय. पाकळी उमलते ती पेशींत साखर वाढून पाणी आत ओढलं गेल्यामुळे, आणि मुळाशी ओल नसेल तर ती ताठ राहू शकत नाही. कळ्याच येत नसतील तर नत्र जास्त झालंय. खत थांबवून वेलांचे शेंडे खुडावेत. आणि एकट्या निळवेलीची वेळ चुकत असेल तर रात्री कुणाच्या तरी खिडकीतला दिवा तपासावा.

मोसम बदलला की तबकडी बदलते, हे धरूनच चालावं. प्रत्येक वाफ्याशी वेळेची कायमची पाटी रोवू नये. पाटीवर महिना आणि त्या महिन्याची वेळ लिहावी, खडूने, म्हणजे दर महिन्याला चार दिवसांच्या नव्या नोंदींवरून ती बदलता येते. एकवर्षायू रोपांची पेरणी एकदम न करता तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने तीन हप्त्यांत करावी. नाहीतर तिसऱ्या महिन्यानंतर अर्धी बाग एकाच वेळी बहर संपवून बसते.

दुसऱ्या वर्षासाठी निवड पहिल्याच हंगामात करायची. रोज सर्वांत आधी किंवा सर्वांत शेवटी उमलणारं रोप वगळून, मधल्या वेळेच्या रोपांना दोरा बांधून ठेवावा आणि बी किंवा छाट त्यांचेच घ्यावेत. गुलबक्षीचा पाला सुकला की तिचे गाजरासारखे कंद खणून, माती झटकून, कोरड्या वाळूत सावलीत ठेवता येतात. कंदापासूनचं रोप बियांच्या रोपापेक्षा लवकर फुलतं आणि आईचीच वेळ पाळतं. खणतानाच प्रत्येक कंदाला रंग आणि उमलण्याची वेळ लिहिलेली चिठ्ठी बांधावी, कारण वाळूत गेल्यावर सगळे कंद सारखेच काळपट दिसतात.